पॅट्रिकबाबाच्या मागे पाच दिवस

ताईला डब्लिनजवळ डन लीरीला राहायला जाऊन नऊ वर्षं झाली. दरवर्षी सतरा मार्चला तिचा, भावोजींचा आणि भाच्याचा हिरव्या कपड्यांतला फोटो फॅमिली ग्रुपवर यायचा, आई विचारायची हा कसला सण गं, आणि ताईचं उत्तर ठरलेलं, पॅट्रिक म्हणून संत होता त्याने इथले साप हाकलले. संपलं. मग चार वर्षांपूर्वी त्या पॅट्रिकने स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेलं लांबलचक पत्र भाषांतरात माझ्या हाती लागलं, कन्फेसिओ म्हणतात त्याला, आणि सुरुवातीलाच हा माणूस सांगतो की मी पॅट्रिक, पापी, अगदी खेडवळ, सगळ्या भाविकांत शेवटचा. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून जाईना. पाचव्या शतकातला माणूस, मुळात आयरिश नाहीच, रोमन ब्रिटनमधला, वडील चर्चमध्ये डीकन, आजोबा प्रीस्ट, बऱ्या घरचा मुलगा. सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी पळवून नेला, सहा वर्षं गुलाम म्हणून गुरं-मेंढरं राखली, पळून घरी गेला, आणि नंतर त्याच देशात आपणहून परत आला. का आला असेल? तर ठरवलं की जायचं, आणि जायचं तर जुलैच्या शेवटच्या रविवारी त्याच्या डोंगरावर चढायलाच जायचं.

दिवस पहिला, बुधवार, डब्लिन

जेटलॅग होता तरी दुपारी किल्डेअर स्ट्रीटच्या नॅशनल म्युझियमला गेलो, तिकीट नाही, फुकट आहे. मला बघायची होती घंटा. पॅट्रिकची घंटा म्हणून जी आहे ती बघून भाचा म्हणाला, मावशी ही तर गाईची आहे! आणि खरंच तशीच दिसते हो. लोखंडी पत्रा वाकवून रिव्हेट ठोकलेले, वर काशाचा हात दिलेला, रंग काळपट तपकिरी, वरती धरायला कडी, एका ओंजळीत मावेल एवढी. आमच्या आजोळी बैलपोळ्याला माळ्यावरून जे सामान खाली यायचं त्यात शोभली असती. आणि शेजारी तिच्यासाठी साधारण ११०० साली राजाने बनवून घेतलेली पेटी, सोन्याची बारीक तारकाम केलेली नक्षी, चांदी, खडे, इतकी नाजूक की काचेला नाक लावून बघावं लागतं. म्हणजे घंटा गुराख्याची आणि म्यान राजाचं. अभ्यासक ही घंटा पॅट्रिकच्या नंतरच्या काळातली धरतात, पण मला त्याने काही फरक पडला नाही, कारण ती सांभाळली कशी ते वाचून मी गार झाले. एकाच घराण्याकडे पिढ्यानपिढ्या तिची राखण होती, आपल्याकडे पूजेचा मान असतो तशी, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस शेवटचा राखणदार होता एक शाळामास्तर, त्याने जाताना ती आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या हवाली केली. तिथून पुढे ती म्युझियमपर्यंत आली.

त्याच म्युझियममध्ये त्याच्या दाताची पण पेटी आहे. दात एका चर्चच्या उंबऱ्यावर पडला म्हणे, त्यासाठी सोन्याचांदीची पेटी. भाच्याचा नुकताच एक दात पडला होता, तो गप्प होऊन बराच वेळ बघत राहिला.

दिवस दुसरा, गुरुवार, स्लेन आणि तारा

डब्लिनहून गाडीने तासाभरात स्लेनची टेकडी. वर एका जुन्या मठाचा पडका मनोरा, गवत, भरपूर वारा, मेंढ्या. इथून समोर लांबवर ताराची टेकडी, जिथे आयर्लंडचे मोठे राजे बसायचे. मधे सोळाएक किलोमीटर अंतर आहे.

आता गोष्ट ऐका. ही सातव्या शतकाच्या अखेरीला मुइरखू नावाच्या भिक्षूने लिहिलेल्या चरित्रात आहे, म्हणजे पॅट्रिकनंतर दोनशे वर्षांनी. त्या रात्री ताराला लीरी राजाचा मोठा सण, नियम असा की राजाचा जाळ पेटल्याशिवाय कुणी चूल पण पेटवायची नाही, आणि नेमकी तीच ईस्टरची रात्र. पॅट्रिकने स्लेनवर खुशाल जाळ केला. राजाने लांबून पाहिलं, दरबारातल्या ड्रुइड लोकांना, म्हणजे जुन्या धर्माच्या पुरोहितांना, विचारलं, हे कोण, तर ते म्हणाले महाराज हा जाळ आज रात्री विझला नाही तर परत कधीच विझणार नाही. ताई ज्या डन लीरीला राहते ते गाव पण याच राजाच्या नावाचं, हे तिला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

पुढे ताराला राजासमोर जी जुगलबंदी झाली ती आम्ही ताराच्या गवतात बसून पोळीचे रोल खाता खाता भाच्याला सांगितली आणि तो तीन वेळा परत सांग म्हणाला. ड्रुइडने पॅट्रिकच्या पेल्यात विषाचा थेंब टाकला. पॅट्रिकने आशीर्वाद दिला, पेयाचा बर्फ झाला, पेला उलटा केला तर फक्त विषाचा थेंब तेवढा खाली पडला, सुलटा केला तर परत पातळ, आणि प्यायला! मग ड्रुइडने मंत्र म्हणून सगळ्या पठारावर कमरेएवढा बर्फ पाडला. पॅट्रिक म्हणाला छान, आता काढ. ड्रुइड म्हणाला उद्या याच वेळेपर्यंत नाही काढता येणार. पॅट्रिक म्हणाला म्हणजे तुला वाईट करता येतं, चांगलं करता येत नाही, आणि हात वर केला तर बर्फ क्षणात गायब, थेंबभर पाणी नाही. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्या रस्त्यांवर खोदकाम करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवावी अशी आहे.

आणि मग शेवटची परीक्षा. एक घर बांधलं, अर्धं ओल्या लाकडाचं, अर्धं सुक्या. ओल्या भागात ड्रुइड बसला, अंगावर पॅट्रिकचा झगा. सुक्या भागात पॅट्रिकचा छोटा शिष्य बिनान, अंगावर ड्रुइडचा झगा. घर पेटवलं. ड्रुइड जळून गेला पण त्याच्या अंगावरचा पॅट्रिकचा झगा शाबूत, आणि बिनानला धक्का नाही पण त्याच्या अंगावरचा ड्रुइडचा झगा खाक. मी इथपर्यंत आले आणि ताई ओरडलीच, अगं ही तर होलिका! प्रल्हाद वाचला, ती जळाली, वस्त्राचा घोळ पण तोच. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. कुठे हे वाऱ्याने झोडपलेलं आयर्लंड आणि कुठे आमच्या कोपरगावच्या वाड्यासमोरची होळी. कुणी कुणाकडून घेतली असं मी म्हणत नाहीये, पण ज्याला आग लावून मारायला बघतात ते पोरगं हसत बाहेर यावं हे माणसाला सगळीकडेच वाटत असणार.

दिवस तिसरा, शुक्रवार, डाउनपॅट्रिक, सॉल आणि आर्मा

आज नॉर्दर्न आयर्लंड, म्हणजे युके. बॉर्डरवर चेकपोस्ट वगैरे काही नाही, रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरच्या मैल होतात तेवढंच, पण आपल्या पासपोर्टवर जाणाऱ्यांनी व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) असा शेरा आहे की नाही ते आधी बघून ठेवा.

सॉल म्हणजे आयरिशमध्ये खळ्यावरचं कोठार. इथल्या दीखू नावाच्या सरदाराने पॅट्रिकला पहिलं चर्च म्हणून आपलं धान्याचं कोठार दिलं अशी परंपरा आहे, आणि तो गेला पण इथेच असं म्हणतात. आत्ताचं छोटं दगडी चर्च परंपरेने तो आला त्या ४३२ सालाला दीड हजार वर्षं झाली म्हणून १९३२ ला बांधायला घेतलं. आत कुणी नव्हतं, दार लोटून आपण जायचं. मी तिथे बाकावर बसून त्याचं दुसरं पत्र वाचलं, फोनवर घेऊन ठेवलं होतं. कोरोटिकस नावाच्या एका सरदाराच्या सैनिकांनी पॅट्रिकने बाप्तिस्मा दिलेल्या लोकांना कापून काढलं आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून धरून नेलं, कपाळावरचं सुगंधी तेल अजून दरवळत होतं असं तो लिहितो, आणि मागायला माणसं पाठवली तर ते सैनिक नुसते हसले. हे पत्र म्हणजे जाळ आहे नुसता. गोष्टींमधला पॅट्रिक विष गोठवतो आणि बर्फ वितळवतो, पण या पत्रातल्या पॅट्रिकला त्या धरून नेलेल्यांना सोडवून आणता येत नाहीये, तो फक्त रडतोय आणि चिडतोय आणि लिहितोय. स्वतः गुलाम होता ना. दोन्ही पॅट्रिक मला हवेत, पण सॉलला बसून मला हा दुसरा जास्त जवळचा वाटला.

डाउनपॅट्रिकच्या कॅथेड्रलच्या आवारात त्याची समाधी म्हणतात ती जागा. त्याचं शव कुणी न्यायचं यावरून दोन टोळ्या भांडायला उठल्या, तर आधीच देवदूताने सांगून ठेवलेलं, दोन न माणसाळलेले बैल जुंपा, हाकू नका, जिथे थांबतील तिथे पुरा. बैल इथे थांबले. आर्माचे लोक मात्र आपल्याला वाटतं तीच गाडी खरी म्हणून दुसऱ्याच गाडीमागे चालत राहिले, आणि एका नदीपाशी ती गाडी दिसेनाशीच झाली. भांडण टळलं! लोक नंतर वर्षानुवर्षं समाधीची मूठभर माती परदेशी जाताना सोबत न्यायचे, इतकी की खड्डा पडायला लागला, मग १९०० साली वर एक भलीमोठी ग्रॅनाइटची ओबडधोबड शिळा ठेवली. त्यावर एक क्रॉस आणि पॅट्रिक एवढंच. हात लावून बघितला, गार आणि खरखरीत, कडेला कुणीतरी ठेवलेली दोन कोमेजलेली फुलं.

संध्याकाळी आर्मा. दोन टेकड्यांवर दोन कॅथेड्रल, दोन्हीचं नाव सेंट पॅट्रिक, एक चर्च ऑफ आयर्लंडचं म्हणजे प्रोटेस्टंट, एक कॅथलिक, समोरासमोर. कॅथलिक कॅथेड्रलचं काम १८४० ला सुरू झालं, मग बटाट्याचा दुष्काळ पडला, काम थांबलं, सगळा सोहळा व्हायला १९०४ उजाडलं.

पण आर्माची खरी गोष्ट कढईची. इथला जमीनदार दारे याने पॅट्रिकला एक मोठी काशाची कढई भेट पाठवली. पॅट्रिक म्हणाला ‘ग्रझाखम’, म्हणजे लॅटिनमधलं ग्रातियास आगामुस, आभार मानू या, ते आयरिश कानाला असं ऐकू आलं. दारेला राग आला, एवढ्या कढईला नुसतं ग्रझाखम? जा, परत आणा. नोकर गेले, म्हणाले कढई परत नेतोय, पॅट्रिक म्हणाला ‘ग्रझाखम’. नोकर परत आले, दारेने विचारलं काय म्हणाला, तर ग्रझाखम. दारे म्हणाला दिली तरी ग्रझाखम, नेली तरी ग्रझाखम, हा माणूस पक्का आहे! स्वतः कढई घेऊन गेला आणि वर ती टेकडी पण दिली ज्यावर आज चर्च ऑफ आयर्लंडचं कॅथेड्रल आहे. भावोजींना हे इतकं आवडलं की रात्री हॉटेलात बिल आलं तेव्हा ते ग्रझाखम म्हणाले, वेटर नेऊन परत आला तेव्हा पण ग्रझाखम, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात थँक्यू हा शब्द बंद आहे.

दिवस चौथा, शनिवार, पश्चिमेकडे

सगळा दिवस गाडीत, पाऊस, मेयो काउंटीतलं वेस्टपोर्ट गाव. बुक केलेल्या खोलीच्या मालकांनी आयत्या वेळी सांगितलं की एकच बेड आहे, मग भाचा आणि मी खाली गाद्या टाकून झोपलो, असो.

वाटेत साप झाले. आयर्लंडमध्ये साप नव्हतेच कधी. हिमयुगानंतर समुद्र वर आला आणि साप पोचायच्या आत हे बेट सुटं झालं, आणि पॅट्रिकच्या दोनशे वर्षं आधीच सोलिनस नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की या बेटावर साप नाहीत. भाचा म्हणाला मग त्याने काय हाकललं? ताई म्हणाली नसलेले साप. भाचा म्हणाला ते तर मी पण करतो.

कॅशेल आमच्या रस्त्यावर नव्हतं पण तिथली गोष्ट राहायला नको. एंगस राजाला बाप्तिस्मा देताना पॅट्रिकच्या काठीचं टोकदार लोखंडी टोक चुकून राजाच्या पावलात घुसलं. राजा हूं का चूं करेना. सगळं झाल्यावर पॅट्रिकने रक्त पाहिलं, घाबरला, म्हणाला अरे बोलला का नाहीस? राजा म्हणाला मला वाटलं हा पण विधीचाच भाग आहे! मुंजीत लहानपणी माझा मामेभाऊ असाच बसला होता, धुराने डोळ्यातून पाणी वाहतंय आणि भटजींना वाटतंय भक्तिभाव.

मेयोत शिरताना मला भरून आलं त्याचं कारण वेगळं. पॅट्रिकच्या पत्रात आयर्लंडमधलं नावानिशी ठिकाण एकच येतं, फोक्लुटचं जंगल, पश्चिम समुद्राजवळचं. तो घरी परत गेल्यावर त्याला स्वप्न पडलं, विक्टोरिकस नावाचा माणूस ढीगभर पत्रं घेऊन आलाय, एकावर लिहिलंय आयरिश लोकांचा आवाज, आणि वाचता वाचता त्याला त्या जंगलाजवळची माणसं हाक मारताना ऐकू आली, बाळा ये, पुन्हा आमच्यात येऊन चाल. ज्यांनी गुलाम केलं त्यांचाच आवाज. तो लिहितो की मला पुढे वाचवेना. मला पण पुढे वाचवत नाही तिथे, दर वेळेला.

दिवस पाचवा, रविवार, क्रोह पॅट्रिक

उंची ७६४ मीटर. आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून कमी, पण समुद्रसपाटीवरून निघतो त्यामुळे सगळी चढण आपल्या पायांनीच. सकाळी साडेसहाला पायथ्याच्या मरिस्कला पोचलो तर गाड्यांची रांग. पायथ्याला काठ्या मिळतात, ताईने घेतली. जुलैच्या या रविवारी हजारो लोक चढतात, कुणी आजारी माणसासाठी, कुणी गेलेल्या माणसासाठी, आणि काहीजण अनवाणी. मला वाटलं होतं अनवाणी म्हणजे एखाद-दुसरा, पण नाही, एक तरुण पोरगी माझ्या पुढेच होती, टाचा लाल झालेल्या, चिखल पोटरीपर्यंत, आणि शांतपणे एकेक दगड निवडत चालली होती. मी वारीत दोनदा चाललेय, सासवडच्या पुढे काही माउली अशाच चालताना पाहिल्यात, ती नजर मी ओळखते.

पहिला टप्पा सोंडेवरून, ओढ्याच्या कडेने. मग पठारासारखी सपाटी, आणि तिच्या टोकाला दगडांची रास, तिचं नाव बिनानची समाधी. हो तोच, आगीतून वाचलेला! भाच्याला सांगितलं तर तो एकदम ताठ उभा राहिला. पाटीवर लिहिलेलं असतं सात फेऱ्या, सात वेळा एक प्रार्थना, सात वेळा दुसरी. लोक उजवी घालून फिरतात, आपल्या प्रदक्षिणेसारखंच. आम्ही पण सात घातल्या, भाचा बोटांवर मोजत होता.

आणि मग वरचा सुळका. ट्रेकवाल्यांना एका शब्दात सांगते, घसारा. सगळा सुटा दगड, एक पाऊल वर तर अर्धं खाली, धुकं असं की पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे काही नाही. मधे एका जागी ताईचा पाय सरकला आणि ती बसलीच, गुडघा जुना आहे तिचा. सत्तरीचे एक आजोबा, पायात काही नाही, वरून दोन पावलं खाली आले, हात दिला, आणि पुढे अर्धा तास ते आमच्या पुढे राहिले, इथे ठेव, आता इथे, हा दगड हलतो, असं सांगत.

याच माथ्यावर पॅट्रिक चाळीस दिवस उपाशी बसला, साल ४४१ असं परंपरा सांगते. मधल्या काळात आयरिश भाषेत लिहिलेल्या त्याच्या चरित्रात काय आहे ते ऐकाच. काळ्या पक्ष्यांनी आभाळ भरलं, याने घंटा वाजवून आणि मग फेकून मारून त्यांना पळवलं. रडून रडून झगा भिजला. देवदूत आला, म्हणाला तुझ्यासाठी एवढे एवढे आत्मे सोडवले, जा आता. पॅट्रिक म्हणाला आणखी? देवदूताने आणखी दिलं. पॅट्रिक म्हणाला, आणखी? जगाच्या शेवटी होणाऱ्या न्यायाच्या सात वर्षं आधी समुद्राने आयर्लंड झाकून टाकावं म्हणजे इथल्या लोकांना ते हाल बघावे लागू नयेत, कबूल. आणि शेवटच्या दिवशी आयरिश लोकांचा न्याय मी करणार. देवदूत म्हणाला हे काही मिळायचं नाही. पॅट्रिक म्हणाला मग मी उठत नाही. देवदूत वर गेला विचारायला, पॅट्रिक गेला मिस्साला, म्हणजे प्रार्थनाविधीला, आणि संध्याकाळच्या आत देवदूत परत, मंजूर!

हे हसण्यासारखं आहेच, पण जुन्या आयरिश कायद्यात हा खराखुरा मार्ग होता, मोठ्या माणसाकडून येणं वसूल करायचं तर त्याच्या दारात उपाशी बसायचं. आपल्याकडे पेशवाईत पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसायचे, तेच. गरिबाकडे दुसरं काय असतं? आणि हा गुराखी पोरगा देवाच्याच दारात धरणं धरून बसला, स्वतःसाठी नाही, ज्यांनी त्याला विकत घेतलं होतं त्यांच्यासाठी. मी त्या माथ्यावर उभी राहून रडले. ताईने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, वारा.

वर १९०५ सालचं छोटं पांढरं चॅपल, भोवती फेऱ्या घालणारे लोक, आत मिस्सा चालू. रेनकोट घालून, थर्मासमधला चहा एकमेकांना देत, उपासना म्हणजे अशी. एकदा दोनच मिनिटं धुकं फाटलं आणि खाली क्ल्यू बे दिसली, निळ्याकरड्या पाण्यात हिरवी हिरवी बेटं, लोक म्हणतात ३६५ आहेत, वर्षाच्या दिवसाला एक. परत पडदा.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. खाली आलो तर ते आजोबा ओढ्याच्या कडेला दगडावर बसून पाय धूत होते, अंगठ्याचं नख गेलेलं. ताईने बॅगेतून कैलास जीवन काढून दिलं, त्यांनी वास घेतला, लावलं, आणि म्हणाले लोणी का आहे हे? भाचा त्यांना म्हणाला ग्रझाखम, तुम्ही आईला वर नेलंत. त्यांना ती गोष्ट माहीत होती, ते इतके हसले की शेजारचे वळून बघायला लागले. मी त्यांना नाव विचारलं. म्हणाले, पोरी, आज इथे हाक मारून बघ, निम्मा डोंगर वळेल, त्यातला एक मी.